पंख, इरलं आणि भाताची काडी

विमान हवेत कसं राहतं हे घरातल्या कोणालाही विचारून बघा. दहावी झालेला असेल तर ठरलेलं उत्तर येईल. पंखाची वरची बाजू फुगीर, खालची सपाट. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो, आणि पंखाच्या मागच्या कडेला खालच्या हवेला वेळेवर गाठायचं असतं, म्हणून ती जोरात पळते. जोरात पळाली की तिचा दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो. ऐकायला छान, लिहायला चार ओळी आणि गुण पूर्ण.

यातला मधला दुवा मात्र खोटा आहे. वरची हवा आणि खालची हवा यांनी मागच्या कडेला एकाच वेळी भेटायचं असा काही करार केलेला नसतो. वरची हवा वेगाने जाते हे खरं, तिचा दाब कमी असतो हेही खरं. पण ती खालचीला "गाठत" नाही, तिच्या कितीतरी आधी पुढे निघून जाते. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की या प्राध्यापकांनी २००३ साली पंखावरून धुराचे झोत सोडून हे चक्क चित्रित करून दाखवलं. आणि लांबच्या पल्ल्यामुळेच पंख उचलला जात असता तर आपली कागदाची विमानं, ज्यांचे पंख दोन्ही बाजूंनी सपाट, ती मुळी उडालीच नसती. कसरतीची विमानं उलटी होऊन उडतात तीही खाली पडली असती.

हे लिहिणारी बाई बी.ए. (मराठी) आहे हे आमच्या नातेवाईकांना माहीत आहेच, तेव्हा हसून घ्या. मुरबाड तालुक्यातल्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तेव्हा मुख्याध्यापकांनी ते पुस्तक माझ्या हाती दिलं आणि पुढे बदली होऊन शहापूरकडे आले तरी ते काही सुटलं नाही. खेड्यातल्या शाळांत हे असं चालायचंच. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला एक सवय असते, वाक्यात "म्हणून" आला की आधीच्या आणि नंतरच्या भागाचा संबंध खरंच आहे का ते बघायची. गाइडातल्या त्या उत्तरात तीन "म्हणून" होते आणि पहिलाच मला पटेना.

असो. आधी थोडा इतिहास सांगते, कारण पंखाचं कोडं सुटलं कसं हे वाचल्यावर मला स्वतःला मोठा धीर आला होता.

डॅनिएल बर्नोलीचं द्रवांच्या गतीवरचं पुस्तक १७३८ सालचं. तेव्हा विमान कुठलं? पंखाचा खरा विचार केला तो इंग्लंडच्या जॉर्ज केलीने. १७९९ मध्ये त्याने एका छोट्या चांदीच्या चकतीवर पंखावर येणारी बलं कोरून ठेवली. १८०४ मध्ये एका फिरत्या दांड्याच्या टोकाला पंख बांधून तो किती उचलला जातो ते मोजलं. त्यानंतर जर्मनीचा ओटो लिलिएंथाल. हा करकोचे बघत बसायचा. पक्ष्याचा पंख सपाट नसतो, किंचित कमानदार असतो, आणि कमानीमुळे उचल वाढते, हे त्याने मोजून १८८९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. मग स्वतः पंख बांधून टेकड्यांवरून उड्या मारल्या, थोड्याथोडक्या नाही, दोन हजारांच्या आसपास. १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्यातल्याच एका उड्डाणात कोसळून तो गेला.

राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण १९०१ साली ते किती निराश झाले होते हे फारसं कोणी सांगत नाही. त्या वर्षीच्या त्यांच्या ग्लायडरला अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश उचल मिळाली. छापील आकडे चुकीचे की आपण, हे ठरवायला त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं, त्याला एक सपाट पट्टी आणि एक कमानदार पट्टी लावली आणि जोरात सायकल हाणली. त्यातून काही कळलं, पण पुरेसं नाही. मग सहा फुटांची एक लाकडी पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा लावला आणि आत बोटभर लांबीचे दोनशेच्या आसपास पंख तपासले. त्यांच्या तराजूचं सामान काय होतं? हॅकसॉची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार! १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण झालं ते बारा सेकंदांचं, १२० फुटांचं. पंखाच्या उचलीचं पक्कं गणित मांडणारे कुट्टा (१९०२) आणि झुकोव्स्की (१९०६) यांचं काम या दोघा भावांच्या गावीही नव्हतं.

मी हे वाचलं तेव्हा मनात आलं की हॅकसॉचं पातं आणि स्पोक तर आपल्या मुरबाडच्या बाजारपेठेतही मिळतो.

आपल्याकडेही एक गोष्ट सांगितली जाते, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची. मराठी माणसाला ती खरी असावी असं फार वाटतं, मलाही वाटलं असतं. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा नेहमी दाखला दिला जातो तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपदे खटपट्या माणूस असणार यात शंका नाही. त्यांनी काय काय करून पाहिलं, कुठे अडले, हे कोणी नीट लिहून ठेवलं असतं तर मी ते मुलांना आनंदाने शिकवलं असतं. नुसतं "उडालं होतं" म्हणून सांगितलं की मुलाच्या हातात काही उरत नाही. गाइडातल्या उत्तराचंही नेमकं तेच आहे.

आता आमच्या भागाकडे येते. हाताने करून शिकणं ही काही परदेशातून आणायची वस्तू नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवलं होतं, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. (२०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला, पण आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी तो ठाण्यातच आहे.) मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं. पुढे १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छायेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या गावातल्या शाळांपर्यंत गेले. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. ते काम शेकडो शाळांत पसरलं आणि २००२ मध्ये तिथल्या सरकारने बंद केलं. तीस वर्षांचं काम! त्याच होशंगाबादला पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर १९७८ मध्ये रजा घेऊन गेला, आणि आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्याने खेळणी करायला घेतली. ते अरविंद गुप्ता. पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्यात नारळीकरांनी उभारलेल्या आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पंखाचा दोऱ्यावरचा प्रयोग मी एका शिबिरात पाहिला तो याच परंपरेतला.

प्रयोग असा. जाड कागदाची पट्टी दुमडून तिची दोन टोकं चिकटवायची, वरची बाजू फुगलेली राहील अशी. त्यातून आरपार स्ट्रॉ घालायची, स्ट्रॉमधून दोरा. दोरा उभा ताणून धरायचा आणि पंखाच्या तोंडावर वारा सोडायचा. पंख सरसर दोऱ्यावरून वर चढतो. शिबिरात टेबलफॅन होता. आमच्या शाळेत वीज असून नसल्यासारखी आणि स्ट्रॉ तर कोणी पाहिलेली नाही. पण भातशेतीचा मुलूख आमचा, पेंढ्याला काय तोटा! जाडशी भाताची काडी निवडली, पेर टाळून कापली, की झाली स्ट्रॉ. एका काडीवर पंख भोवऱ्यासारखा गरगर फिरतो, म्हणून दोन काड्या, दोन दोरे. वारा नसेल तर दोन मुलांनी दोरे ताणून कापणी झालेल्या शेतातून धावत सुटायचं. धडपडायचं, हसायचं, पुन्हा धावायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे पंख चढले. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की आता पोस्टकार्ड न दुमडता तसंच सपाट घ्या, पण काड्या तिरक्या घाला, म्हणजे पुढची कड जरा वर राहील. तोही चढला! ना फुगीर बाजू, ना लांबचा पल्ला. मग कार्ड अगदी आडवं धरलं तर चढेना. पुढची कड खाली केली तर दोऱ्याच्या तळाशी चिकटून बसला. म्हणजे गोम कोनात होती. तिरकी पट्टी वाऱ्याला खाली वळवते आणि वारा खाली गेला की पट्टी वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकात तीन पानं आधीच होता, पण त्याचा पंखाशी संबंध कोणी जोडलेला नव्हता.

मग तराजू केला. पट्टी मधोमध टांगली, एका टोकाला स्पोकच्या तुकड्यावर अर्ध्या पोस्टकार्डाचा पंख, दुसऱ्या टोकाला काडेपेटीचं खोकं. शाळेतल्या वजनांचा डबा कुलपात, म्हणून मुलांनी गुंजा आणल्या. (गुंजा विषारी असतात, तोंडात घालायच्या नाहीत, ही तंबी रोज.) बिनवाऱ्याचा तराजू आधी समतोल करायचा, मग उधार आणलेला टेबलफॅन लावायचा. पंख उचलला गेला की तो पुन्हा आडवा येईपर्यंत खोक्यात गुंजा टाकायच्या ही पहिली युक्ती फसली, कारण वजन पंखाच्याच बाजूला हवं! ते एका मुलाने ओळखलं आणि खोकं पंखाशेजारी बांधलं. कोनमापकाने कोन वाढवत गेलो तशा गुंजा वाढत गेल्या, चौदा-पंधरापर्यंत. वीस-बावीस अंशांच्या पुढे मात्र वाढेनात, उलट कमी झाल्या. विमान फार नाक वर करून चढायला गेलं तर का पडतं ते त्या फळ्यावरच्या तक्त्यात होतं. आणि कार्डाला जराशी कमान दिली की त्याच कोनात जास्त गुंजा लागत. लिलिएंथालचा करकोचा आमच्या वर्गात आला होता.

आम्हाला करकोच्याच्या जागी गिधाडं होती, निदान माझ्या नोकरीच्या सुरुवातीला. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळात त्यांची रिंगणं सुरू व्हायची, पंख न हलवता. पुढच्या मुलांनी ती पाहिलीच नाहीत. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग आम्ही घारीवर भागवलं. आणि रानातल्या बिया होत्याच. उक्षीची फळं चैत्र-वैशाखात भिंगरीसारखी गिरक्या घेत खाली येतात, टेटूची बी कागदाच्या विमानासारखी तरंगते, वावळ्याची चकती वाऱ्यावर जाते. ही नावं मला मुलांनी शिकवली. मी पुस्तकातली बाई, मला कुठली ठाऊक?

आता त्या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. पुस्तकातला जड शब्द बाजूला ठेवून मी वर्गात "उचल" म्हणायचे. पंखाला मिळणारी उचल. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्या घरी उचल म्हणजे वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात घेतलेले पैसे. ते फेडायला दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकर कुटुंबं बोचकी बांधून भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, मुलांसकट. दिवाळीनंतर शाळा उघडली की हजेरीपटावर एकामागून एक रेघ. शेतं मोकळी व्हायची, वारा सुटायचा, पंखाचा प्रयोग करायची खरी वेळ तीच, आणि ज्यांचे हात सगळ्यात चलाख ती मुलं तेव्हाच नसायची. म्हणून मी तो धडा ओढून अलीकडे आणला. नवरात्राच्या दिवसांत, भात अजून उभं असताना, रस्त्यावरून धावून का होईना, पण सगळी असताना करायचा. एका तपासणीला आलेल्या साहेबांनी "नियोजनाप्रमाणे घटक घेतला नाही" असा शेरा मारला. मारू दे.

सहावीत एक मुलगी होती, त्याच रांगेतली. कागदाच्या पट्टीवर फुंकर घालायचा सोपा प्रयोग चालला होता. पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकायचं, लोंबणारी पट्टी उचलली जाते. सगळे म्हणाले, वरची हवा पळाली, दाब कमी झाला. हिने पट्टी सरळ उभी टांगून धरली आणि एका बाजूने फुंकली. पट्टी जागची हलेना. "बाई, आता पण हवा पळालीच की." वर्ग गप्प. खरी गोष्ट अशी, की नुसतं पळून भागत नाही. पट्टी वाकलेली असते, हवा त्या बाकाला धरून वळते, आणि वळताना दाब बदलतो. मी तांब्यातून पाण्याची धार पळीच्या पाठीवर सोडून दाखवली. धार पाठ धरून वळते आणि पळी धारेकडे ओढली जाते. ती बराच वेळ पळी हातात घेऊन खेळत बसली. मग म्हणाली, "इरलं पण असंच खेचतं." लावणीच्या वेळी वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं वाऱ्याने वर उठतं, एक हात त्याला धरण्यातच जातो. इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो की वारा इरल्याच्या आत शिरतो. ती म्हणाली, आत शिरला नाही तरी उठतं.

मग ठरलेला प्रश्न आला, परीक्षेत काय लिहायचं? मी सांगितलं, वरचा दाब कमी, खालचा जास्त, म्हणून पंख उचलला जातो, एवढं लिहा. ते खरं आहे आणि त्याला गुण मिळतात. लांबचा पल्ला आणि गाठणं यांतलं काही लिहू नका. एकानेही लिहिलं नाही. काहींचा अर्धा गुण गेला, तो मी पेपर बघणाऱ्या बाईंशी भांडून परत आणला.

ती मुलगी दिवाळीनंतर गेली. वार्षिक परीक्षेला नव्हती. उक्षीच्या भिंगऱ्या संपत आल्या तेव्हा, वैशाखाच्या अखेरीस, मी शाळेत निकालाची कागदपत्रं लावत बसले होते, तर दारात उभी. हात भाजल्यासारखे रापलेले. भट्टीवरचं सगळं सांगून झालं, धाकट्याचा ताप, मुकादम, पाणी किती लांब. मग मी न विचारताच म्हणाली, कच्च्या विटांवर अवकाळी पावसासाठी मेणकापड टाकतात ना, तेही वर उठतं, पंखासारखं. रात्री वारा सुटला की आईबरोबर तिला कापडावर विटा ठेवायला उठवायचे.

मी विचारलं, "कडेने ठेवायच्या ना, वारा आत शिरू नये म्हणून?"

"कडेने ठेवल्या तरी उठायचं बाई. मधे पण ठेवाव्या लागायच्या."